रिपोर्ट नॉर्मल, तरी कळ खरी

सोनोग्राफी नॉर्मल, कोलोनोस्कोपी नॉर्मल, रक्तही नॉर्मल. मग वॉर्डात कुणीतरी म्हणतंच, ‘काही नाही हो, टेन्शन घेता तुम्ही.’ आयबीएसच्या (इरिटेबल बाउल सिंड्रोम: वारंवार पोटदुखी आणि त्यासोबत शौचाच्या तक्रारी) पेशंटचा उपचारांवरचा विश्वास इथेच उडतो.

या तपासण्या आतड्याची रचना बघतात. बिघाड असतो जाणिवेत. गुदाशयात छोटा फुगा ठेवून हळूहळू फुगवला, तर निरोगी माणसाला ज्या दाबाला नुसतं भरल्यासारखं वाटतं, त्याच दाबाला आयबीएसच्या अनेक पेशंटना कळ येते. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन, आतड्यात असतं. अस्तर ताणलं गेलं की तिथल्या एन्टेरोक्रोमाफिन पेशी ते सोडतात. त्याने आतड्याची हालचाल बदलते आणि चेतातंतूंमार्फत मेंदूला खबर जाते. ही खबर वाटेतच मोठी होते. गॅस्ट्रोनंतर काहींना हा त्रास महिनोन्‌महिने चिकटतो. टेन्शनने तो वाढतो, पण म्हणून दुखणं काल्पनिक ठरत नाही.

म्हणून सिस्टरांनी आधी दोन आठवड्यांची डायरी लिहून घ्यावी: काय, किती वाजता खाल्लं, दुखणं ० ते १० पैकी किती, पाळी, झोप आणि ब्रिस्टल तक्त्यातला (शौचाचे घट्ट ते पातळ असे १ ते ७ प्रकार दाखवणारा तक्ता) शौचाचा प्रकार. १-२ म्हणजे खडे, ६-७ म्हणजे पातळ. ‘पोट साफ होत नाही’ एवढ्यावरून काहीच कळत नाही.

बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल अर्ध्या चमच्यापासून, पेलाभर पाण्यात, ढवळून लगेच प्यायचं. ठेवलं तर त्याचा गोळा होतो, आणि कमी पाण्यात घेतलं तर घशात अडकू शकतं. मात्रा काही दिवसांनी थोडी थोडी वाढवावी. एकदम वाढवली की पोट फुगतं. गव्हाच्या कोंड्याने तर अनेकांचं दुखणं वाढतं.

कांदा-लसणातले फ्रुक्टान (एक प्रकारची कर्बोदकं) आतड्यात पचत नाहीत, जिवाणू ते आंबवून गॅस करतात. ते पाण्यात विरघळतात, तेलात नाही. त्यामुळे लसूण तेलात परतून काढून टाकला तर फोडणीची चव राहते. आमटीत शिजवून काढला तर उपयोग नाही, फ्रुक्टान रश्शात उतरलेले असतात. असं पथ्य ४ ते ६ आठवडेच, मग एकेक पदार्थ परत सुरू करून बघायचा. जन्मभराचं पथ्य करून पेशंट उगाच रोडावतो.

‘आतडी धुऊन काढणारी’ चूर्णं खपतात भरपूर. त्यांतल्या अनेकांत सोनामुखी असते, आणि तिने मुरडा येतो.

शौचात रक्त, घटणारं वजन, ताप, ॲनिमिया, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेला त्रास दिसला, तर डायरी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.