उलटा चालणारा होरस

मंगळ वक्री झाला, म्हणजे ताऱ्यांमधून उलटा सरकताना दिसू लागला, की राशिभविष्याच्या रकान्यांना जोर चढतो. जमिनीचे व्यवहार पुढे ढकला, वाद टाळा, जमल्यास मंगळाची शांती करून घ्या. मंगळाची ही उलटी चाल माणसाने फार पूर्वीच टिपली होती, आणि टिपणाऱ्यांत इजिप्तचे लोक होते.

लक्सरजवळ देर अल-बहरीला, हातशेपसुत राणीच्या दरबारातल्या सेनेनमुतसाठी खोदलेलं एक भुयारी थडगं आहे. त्याच्या छतावर इ.स.पू. १४७०च्या सुमाराचं आकाश रंगवलंय. गुरू आणि शनी होडीत उभे आहेत, शुक्र बेनू या बगळ्यासारख्या पौराणिक पक्ष्याच्या रूपात आहे आणि एक होडी चक्क रिकामी आहे. ती मंगळाची, असं काही अभ्यासक मानतात. होरस हा इजिप्तचा ससाण्याच्या रूपातला देव; इजिप्शियन लेखांत मंगळ म्हणजे ‘लाल होरस’, आणि त्याचं वर्णन ‘मागे मागे प्रवास करणारा’!

त्या छतावर मेष-वृषभ शोधू नका. बारा राशी बाबिलोनकडून आल्या, त्याही ग्रीक राजवटीत. इजिप्तमधल्या देंदेराच्या देवळातलं, आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेलं राशिचक्र इ.स.पू. ५०च्या आसपासचं. त्यात मंगळ मकरेच्या पाठीवर उभा आहे, आपल्या ज्योतिषांच्या ‘उच्चीच्या’, म्हणजे मकरेत सर्वात बलवान मानलेल्या मंगळासारखाच. पिरॅमिड मात्र त्याच्या कितीतरी आधी, कुणाचीही कुंडली न मांडता उभे राहिले. (३ डिसेंबर २०१२ला गिझाच्या तीन पिरॅमिडांच्या टोकांवर तीन ग्रह नेमके टेकणार, हा फॉरवर्ड निव्वळ थाप होती.)

आता त्या उलट्या चालीकडे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते, मंगळ २४. पृथ्वी सूर्य आणि मंगळ यांच्या मध्ये येते ती प्रतियुती. तेव्हा दोघांचे वेग जवळपास समांतर असतात आणि आपण सेकंदाला सहा किलोमीटरने पुढे निघतो, म्हणजे दिवसाला पाच लाख किलोमीटर. तेव्हाचं अंतर सरासरी आठ कोटी किलोमीटर. भागाकार करून अंशांत मांडा: मंगळ रोज ०.३५ अंश मागे, पश्चिमेकडे सरकताना दिसतो. चंद्रबिंबाच्या रुंदीचे हे दोन तृतीयांश. चार रात्रींत नुसत्या डोळ्यांना कळतं.

मग तो का थांबतो? पृथ्वीचं वर्तुळ लहान, म्हणून तिची दिशा लवकर वळते. तिच्या वेगाचा मोठा हिस्सा मंगळापासून दूर जाण्यात जातो आणि दृष्टिरेषेला आडवा हिस्सा घटतो. प्रतियुतीनंतर साधारण ३६ दिवसांनी हा आडवा वेग मंगळाच्या आडव्या वेगाइतकाच उरतो. मंगळ ताऱ्यांमध्ये थबकतो, ‘स्तंभी’ होतो आणि पुन्हा पूर्वेकडे निघतो. प्रतियुतीपूर्वी हेच उलट क्रमाने घडतं. ही उलटी चाल एकूण सरासरी ७२ दिवस चालते, दर ७८० दिवसांनी. मंगळ स्वतः एकदाही मागे वळलेला नसतो.

गुरू-शनीही वक्री होतात, तेही जवळजवळ दरवर्षी. पण ते लांब, म्हणून गुरू जेमतेम १० अंश आणि शनी ७ अंश मागे येतो. मंगळ १० ते २० अंश येतो आणि नेमका सर्वात तेजस्वी असताना. रात्रीचे तास ताऱ्यांवरून मोजणाऱ्या इजिप्तच्या पुजाऱ्यांच्या नजरेतून हे सुटणं कठीणच.

पुढची प्रतियुती १९ फेब्रुवारी २०२७ला आहे. तेव्हा मंगळ सिंह राशीत, मघा ताऱ्याच्या जवळ असेल. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत दर तीन-चार रात्रींनी मघेपासूनचं त्याचं अंतर वहीत नोंदवत गेलात, तर मंगळ पश्चिमेकडे सरकताना सापडेल.