गांधीलमाशी-पतंग

गांधीलमाशीचे रूप घेतलेले, बहुतांशी दिवसा उडणारे रंगीत पतंग. एरेबिडी कुलातील वाघ-पतंगांच्या आर्क्टिइनी उपकुलात यांचे गट येतात. सर्वाधिक वैविध्य अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात आहे. भारतात मुख्यतः अमाटा आणि यूक्रोमिया या प्रजातींतील जाती आढळतात. काचेसारख्या पंखांचे सेसिइडी कुलातील पतंगही गांधीलमाशीसारखेच दिसतात, पण ते या गटाचे जवळचे नातेवाईक नाहीत.

ठाण्यात येऊरच्या पायवाटांवर किंवा नवी मुंबईत खारघरच्या डोंगरउतारांवर पावसाळ्यात असा पतंग दिसला, तर माणूस आधी हात मागे घेतो. काळ्या पंखांवर खवले नसलेल्या पारदर्शक खिडक्या असतात आणि पोटावर पिवळे किंवा केशरी पट्टे. अनेक जातींत मागचे पंख फार लहान असतात. यूक्रोमिया पॉलिमेना या जातीच्या अंगावर केशरी-लाल पट्ट्यांसोबत धातूसारखी निळी झाक असते. जीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने तिचे वर्णन १७५८ मध्ये केले. या पतंगांना नांगी नसते, चावणारे जबडेही नसतात. गुंडाळलेल्या सोंडेने ते फुलांतला रस पितात. अंग जवळून पाहिले की खवल्यांची मखमल दिसते आणि शंका फिटते.

इंग्रज निसर्गअभ्यासक हेन्री वॉल्टर बेट्सने ॲमेझॉन खोऱ्यातील फुलपाखरांवरून १८६२ मध्ये अनुकरणाची कल्पना मांडली: निरुपद्रवी कीटक घातक कीटकाचे रूप घेतो आणि भक्षकापासून वाचतो. या पतंगांना हाच नियम सरसकट लावला जातो. ते अपुरे आहे. यांतील अनेक जाती स्वतःच बेचव किंवा विषारी असतात. तेव्हा पट्टे ही नुसती हूल नाही, खरी ताकीदही आहे. दोन्ही पक्ष धोकादायक असले की एकच रंगखूण दोघांनाही उपयोगी पडते, हे निसर्गअभ्यासक फ्रिट्झ म्युलरने पुढे दाखवले.

विष येते वनस्पतींतून. कॅरिबियन भागातील सिंटोमीडा एपिलाइस या पतंगाच्या अळ्या विषारी कण्हेर खाऊन वाढतात. काही जातींत प्रौढ पतंगच पायरोलिझिडिन अल्कलॉइडे, म्हणजे काही वनस्पतींतील विषारी द्रव्ये, गोळा करतात. फ्लोरिडातील कॉस्मोसोमा मायरोडोरा या लाल पतंगाचे वर्तन विलक्षण आहे. नर वनस्पतीतून ही द्रव्ये शोषतो आणि मीलनापूर्वी पोटाखालच्या पिशव्यांतले बारीक तंतू मादीवर उधळतो. त्यांतील विषाने तिलाही संरक्षण मिळते. जाळ्यात सापडलेल्या अशा पतंगाला कोळी धागे तोडून सोडून देतो. अंड्यांनाही या विषाचा वाटा मिळतो.

याच प्रकारची अल्कलॉइडे आपल्याकडे खुळखुळा, भुरुंडी आणि रानमोडी यांत असतात. खुळखुळ्यावर जमणारी ब्लू टायगर फुलपाखरे अनेकांनी पाहिलेली असतात, ओढ तीच.

यूक्रोमियाच्या अळ्या गारवेलीच्या कुळातील वेली खातात. अमाटाच्या अळ्यांना अनेक वनस्पती चालतात; अमाटा पॅसॅलिसच्या अळ्या तर चंदनाची पाने फस्त करतात, म्हणून चंदनाच्या लागवडीत ती कीड मानली जाते. मीलन तासन्‌तास चालते, त्यामुळे गवताच्या पात्यावर पाठमोऱ्या बसलेल्या जोड्या सहज दिसतात.

रात्री पांढरा पडदा आणि दिवा लावून पतंग मोजण्याची पद्धत या गटासाठी पुरेशी नाही. नोंदी हव्या असतील, तर पावसाळ्यात उघडीप मिळताच सकाळी झुडपांच्या कडेने, फुललेल्या तणांवर शोधावे लागते.