डोळाच चमकला तर?

कृष्णद्रव्य, म्हणजे फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं विश्वातलं अदृश्य द्रव्य, याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: जे प्रकाश देत नाही, अडवतही नाही, ते शोधायला प्रकाशाचे संवेदक कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की बघायचा असतो तो कृष्णद्रव्याचा नव्हे, तर त्याचा धक्का खाल्लेल्या अणूचा प्रकाश.

अमेरिकेत दक्षिण डकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खाली, 'एलझेड' प्रयोगात 7 टन द्रवरूप झेनॉनवर पहारा चालू आहे. एखादा कण झेनॉनच्या अणुकेंद्रावर आदळलाच, तर मोजके फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, निघतात. तरंगलांबी 175 नॅनोमीटर. हा अतिनील प्रकाश साधी काच गिळून टाकते, म्हणून संवेदकाची खिडकी क्वार्ट्झची. असे 494 संवेदक वर-खाली बसवलेत.

हा संवेदक म्हणजे प्रकाशगुणक नळी, आणि मी तिच्या प्रेमात आहे. खिडकीच्या आतून अल्कली धातूंचा पातळ थर असतो. फोटॉन त्यावर पडला, तर तीनातून एखाद्या वेळी एक इलेक्ट्रॉन सुटतो. पुढे निर्वातात धातूच्या 12 पट्ट्या, म्हणजे डायनोड. दर टप्प्याला शंभरेक व्होल्टचा उतार. इलेक्ट्रॉन पहिल्या पट्टीवर आपटतो आणि तीन-चार नवे उडवतो. ते दुसरीवर आपटतात. सरासरी 3.6 धरा आणि बारा वेळा गुणा: सत्तेचाळीस लाख! पण व्होल्टेज एक टक्का वाढलं तर हाच गुणाकार सात-आठ टक्के फुगतो, कारण ती वाढ बाराही टप्प्यांवर लागू होते. म्हणून प्रत्येक नळीचं मोजमाप पुन्हा पुन्हा करावं लागतं.

खरी डोकेदुखी मात्र नळी गप्प ठेवण्याची. उष्णतेनेही थरातून इलेक्ट्रॉन निसटतात. थंडीत ते कमी होतात, आणि निदान तीन नळ्यांनी एकदमच काही बघितलं तरच ते खरं मानतात. त्याहून वाईट म्हणजे नळीच्या सामानातलं युरेनियम. कणभर असलं तरी त्यातून न्यूट्रॉन निघू शकतात, आणि न्यूट्रॉनचा धक्का हुबेहूब कृष्णद्रव्यासारखा दिसतो. म्हणून धातूपासून सिरॅमिकपर्यंत प्रत्येक जिन्नस आधी किरणोत्सार मोजणाऱ्या जर्मेनियमच्या शोधकापुढे तपासून घेतात.

2024 मध्ये एलझेडची 280 दिवसांची नोंद जाहीर झाली, तीही रिकामीच: कृष्णद्रव्याची खूण नाही. कृष्णद्रव्य म्हणजे 'नकारात्मक ऊर्जा' आणि आम्ही ती घरातून काढून देतो, असं म्हणणाऱ्यांनी ती आधी या टाकीत दाखवावी.

इटलीत ग्रान सासोच्या डोंगराखाली उभारल्या जाणाऱ्या 'डार्कसाइड-20के' या कृष्णद्रव्याच्याच प्रयोगात नळ्या नाहीत, सिलिकॉनचे संवेदक आहेत. सामानात किरणोत्सार कमी, पण खोड वेगळी. असा संवेदक इवल्याशा घरांत विभागलेला असतो; एका घरात फोटॉन पडला की इलेक्ट्रॉनांचा लोंढा सुटतो, आणि तो लोंढा स्वतःच थोडा प्रकाश टाकतो. शेजारचं घर त्याने पेटतं. आलेला असतो एक फोटॉन, मोजले जातात दोन.