वळायला जागा : प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या धातू-सेंद्रिय चौकटींची पार्श्वभूमी

ॲझोबेन्झीन हा नारिंगी पदार्थ रसायनशास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकापासून माहीत होता. पण प्रकाश पडला की त्याच्या रेणूचा आकारच बदलतो, हे जी. एस. हार्टली यांनी 1937 मध्ये दाखवले. सरळ, लांबट रूपात या रेणूच्या दोन टोकांमधले अंतर सुमारे 9 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) असते. अतिनील प्रकाशात तो मधल्या नायट्रोजनच्या दुहेरी बंधापाशी वाकतो आणि हे अंतर साडेपाच अँगस्ट्रॉमवर येते. निळा प्रकाश किंवा उष्णता मिळाली की तो पुन्हा सरळ होतो. द्रावणात हे सहज घडते. नेहमीच्या घट्ट स्फटिकात मात्र शेजारचे रेणू इतके खेटून बसलेले असतात की वळायला जागाच उरत नाही.

ही जागा मिळाली ती वेगळ्याच वाटेने. मेलबर्नमध्ये रिचर्ड रॉबसन यांनी 1989 मध्ये तांब्याचे आयन आणि चार हातांचा सेंद्रिय रेणू जोडून हिऱ्यासारखी, पण आतून पोकळ अशी जाळी मांडली. धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या अशा पोकळ जाळ्यांनाच धातू-सेंद्रिय चौकटी, इंग्रजी आद्याक्षरांनी एमओएफ, म्हणतात. 1997 मध्ये सुसुमु कितागावा यांनी अशा जाळीत वायू आत-बाहेर करू शकतात हे सिद्ध केले, आणि 1999 मध्ये ओमर याघी यांच्या गटाने एमओएफ-5 ही जस्ताची चौकट प्रसिद्ध केली, जिच्या एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ सुमारे 2900 चौरस मीटर भरले. या तिघांना 2025 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रकाशाचा प्रश्न त्यांच्या मूळ कामात केंद्रस्थानी नव्हता. पोकळ जागा तयार झाल्यावर तो आपोआपच पुढे आला.

पहिला पेच होता तो ॲझोबेन्झीन बसवायचे कुठे, हा. चौकटीच्या तुळईतच, म्हणजे धातूंना जोडणाऱ्या सेंद्रिय रेणूतच, ते गुंफले, तर दोन्ही टोके धातूला बांधली जातात आणि रेणू पूर्ण वाकू शकत नाही. म्हणून 2011 मध्ये जर्मनीतील कील येथील गटाने, आणि 2012 मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील होंग-साय झोऊ यांच्या गटाने, ते तुळईला लटकते ठेवले. झोऊ यांच्या पीसीएन-123 या चौकटीत अतिनील प्रकाशानंतर कार्बन डायऑक्साइड धरून ठेवण्याची क्षमता घटते, आणि रेणू सरळ झाल्यावर ती परत येते. मात्र 2013 मध्ये मॅथ्यू हिल यांच्या ऑस्ट्रेलियातील गटाने तुळईतच ॲझोबेन्झीन असलेली चौकट घेतली. तिथे रेणू पूर्ण वळत नाही, नुसता हलतो. तरीही प्रकाश पडताच शोषलेल्या वायूपैकी 64 टक्क्यांपर्यंत वायू सुटला. या साऱ्या इतिहासात मला हाच निष्कर्ष सर्वांत अनपेक्षित वाटतो.

या प्रयोगांमागचे कारण व्यावहारिक होते. धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडणारे द्रावण पुन्हा वापरण्यासाठी तापवावे लागते, आणि खरा खर्च तिथेच होतो. ते काम प्रकाशाने झाले तर इंधन वाचेल. पण जाड स्फटिकात प्रकाश खोलवर पोचत नाही, कारण वरचे थरच तो गिळतात. त्यामुळे जर्मनीतील कार्ल्सरुह येथे लार्स हाइन्के आणि क्रिस्टॉफ व्योल यांनी पृष्ठभागावर थरावर थर चढवून पातळ पापुद्रे वाढवले. 2016 मधील त्यांच्या पडद्यात हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड वेगळे करण्याचे प्रमाण केवळ प्रकाशाने 3 ते 8 या टप्प्यात हवे तसे बदलता येत होते.

पाण्याकडे ही कल्पना वळली ती स्पायरोपायरन या प्रकाशाने रूप बदलणाऱ्या दुसऱ्या रेणूमुळे. मोनॅश विद्यापीठातील हुआनतिंग वांग यांच्या गटाने 2020 मध्ये मांडलेली चौकट अंधारात मचूळ पाण्यातले क्षार धरते आणि उन्हात ठेवताच चारेक मिनिटांत सोडून देते. एक किलो पदार्थामागे दिवसाला 139.5 लिटर गोडे पाणी, हा त्यांचा आकडा.

प्रकाशाशी नाते असलेली दुसरी शाखा आकार न बदलणाऱ्या, स्वतः चमकणाऱ्या चौकटींची आहे. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत सुजित घोष यांच्या गटाने 2013 मध्ये नायट्रो-स्फोटके ओळखणारी अशी चौकट प्रसिद्ध केली, जिची चमक पिक्रिक आम्ल या अशाच स्फोटकाच्या सान्निध्यात मंदावते.

हार्टलींच्या रेणूची हालचाल मात्र मागे-पुढेच होती. 2019 मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील बेन फेरिंगा यांच्या गटाने एकाच दिशेने फिरणारी रेणू-यंत्रे चौकटीच्या खांबांत बसवली, आणि घन स्फटिकाच्या आत ती जवळपास द्रावणातल्याच वेगाने फिरत राहिली.