टेबलावरचा प्रयोग आणि अनोळखी हात

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून फिरताना एका टेबलाशी थबकलो. आठवीतल्या दोन मुलींनी पवनचक्कीची देखणी प्रतिकृती मांडली होती. पाती फिरत होती, खालच्या थर्माकोलच्या गावात झिरोचे दिवे लागले होते. टेबलामागे वाकून पाहिलं तर वायरीला पिनच नव्हती. दोन टोकं सोलून सरळ सॉकेटच्या भोकांत घातलेली आणि ती निसटू नयेत म्हणून आगकाड्या खोचलेल्या. पुढे पाचवी-सहावीच्या पोरांची झुंबड. मी आधी बटण बंद केलं, मग गुणांची वही उघडली.

त्या मुलींचं काही चुकलं असं मला वाटत नाही. घरी त्यांनी तसंच पाहिलेलं असतं. शिवाय प्रयोगशाळेतला प्रयोग आणि प्रदर्शनातला प्रयोग यांतला फरक त्यांना कुणी सांगितलेला नसतो. प्रयोगशाळेत प्रयोग एकदा होतो, करणाऱ्याला कुठे हात लावायचा नाही ते ठाऊक असतं आणि शेजारी शिक्षक असतात. प्रदर्शनात तोच प्रयोग सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत चालतो. मुलं जेवायला जातात, टेबल मोकळं राहतं, वायरी तापतात. आणि समोरून येणाऱ्या लहान मुलाला हात लावून बघायचंच असतं. तो त्याचा हक्कच आहे. प्रदर्शनाचे सगळे नियम या अनोळखी हातासाठी आहेत.

विजेचंच बघा. आपल्या घरात 230 व्होल्टचा दाब असतो. शरीरातून एक मिलिॲम्पिअर प्रवाह गेला तर झिणझिण्या येतात. दहा ते वीसच्या आसपास स्नायू असे आखडतात की धरलेली वायर सोडवत नाही. पन्नास ते शंभर मिलिॲम्पिअर प्रवाह छातीतून सेकंदभर जरी गेला, तरी हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो, पण घामेजलेल्या हाताचा हजारभर ओहमपर्यंत उतरतो. दाबाला रोधाने भागलं की प्रवाह मिळतो: 230 भागिले 1000, म्हणजे 0.23 ॲम्पिअर, म्हणजेच 230 मिलिॲम्पिअर. हाच हात 9 व्होल्टच्या बॅटरीला लागला तर जेमतेम नऊ. मांडवात गर्दी आणि उकाडा असतोच, तेव्हा हिशेब नेहमी ओल्या हाताचा करायचा. म्हणून प्रतिकृती शक्यतो बॅटरीवर किंवा मोबाइलच्या पाच व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालवावी. मांडवाच्या बोर्डावर आयोजकांनी आरसीसीबी बसवून घ्यावा. तीस मिलिॲम्पिअर वीज वाट चुकून गळू लागली की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडतो.

दुसरी काळजी आगीची. थर्माकोल, क्रेप पेपर, कापूस, मांडवाचं कापड: आपल्या प्रदर्शनाचा सगळा संसार पेट घेणारा. त्यात ज्वालामुखी असतोच. नारिंगी अमोनियम डायक्रोमेटला काडी लावली की ठिणग्या उडतात आणि हिरव्या राखेचा डोंगर उभा राहतो. दृश्य विलक्षण आहे, मीही विद्यार्थी असताना ते डोळे विस्फारून पाहिलंय. ती हिरवी राख क्रोमियम ऑक्साइडची, ती फारशी घातक नाही. पण न जळलेल्या कणांतलं सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि ते धुरासोबत उडून समोरच्यांच्या श्वासात जातं. शाळेच्या टेबलावर हा प्रयोग आता नकोच. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेसाळ ज्वालामुखी दिवसभर दाखवता येतो.

मिथेनॉल हे ज्वालाग्राही द्रव पेटवून त्यात वेगवेगळे क्षार घालून रंगीत ज्योती दाखवतात, तो प्रयोग तर आणखी फसवा. सप्टेंबर 2014 मध्ये अमेरिकेत दोन आठवड्यांच्या आत दोन अपघात झाले. एक नेवाडातल्या रीनो शहरी मुलांच्या संग्रहालयात, दुसरा डेन्व्हरच्या एका शाळेत. दोन्हीकडे धुमसत्या किंवा पेटत्या जागी मोठ्या बाटलीतून मिथेनॉल ओतलं गेलं आणि आग उलटून मुलं भाजली. मिथेनॉलची वाफ अकरा-बारा अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी होते. आपल्याकडे थंडीच्या दुपारीही तापमान त्याच्या वर असतं. त्यातून त्याची ज्योत उजेडात दिसतही नाही. विझली असं वाटतं, ती विझलेली नसते.

लेसरच्या बाबतीत एकच सांगतो: एक मिलिवॅटपेक्षा जास्त शक्तीचा नको, आणि तोही मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर नको. ताटलीत वाढवलेले जीवाणू आणायचेच नाहीत. झाकण उघडून वास घेणारं कुणीतरी भेटतंच.

अमेरिकेत 1950 पासून भरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या विज्ञान मेळ्यात, जो आज आंतरराष्ट्रीय आहे आणि जिथे भारतातली मुलंही जातात, टेबलावर रसायनं, माती, जिवंत रोपं यांना मज्जाव आहे. पाणीसुद्धा चालत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते अति वाटलं होतं. मग लक्षात आलं की टेबलावर काही नसलं की मुलाला नोंदवही पुढे करावी लागते: किती वेळा मोजलं, आकडे काय आले, आलेख कसा निघाला, कुठे चुकलं. परीक्षकालाही तेच हवं असतं.

त्या दोघी मुलींना मी झिरोचे दिवे काढायला सांगितले तेव्हा त्या हिरमुसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या टेपरेकॉर्डरची मोटार आणली, तिच्या आसाला पाती जोडली आणि तिच्या दोन वायरींना लाल एलईडी लावला. नीट थ्री-पिन आणि जाळी असलेला टेबल फॅन समोर ठेवला. वारा आला, पाती फिरली, दिवा मिणमिणला. आदल्या दिवशी पवनचक्की विजेवर फिरत होती. आज ती वीज तयार करत होती. पाचवीतलं एक पोरगं फॅनसमोर पुठ्ठा धरायचं, दिवा विझायचा. काढायचं, दिवा लागायचा. बराच वेळ त्याचं तेच चाललं होतं, आणि दोघींपैकी कुणीही त्याला हटकलं नाही.