कालप्रवासकथेतील भूत व स्मृती

कालप्रवासी परक्या काळात पोहोचला की त्याची अवस्था पिशाचासारखी होते : त्याला कोणी ओळखत नाही, आणि जे घडले ते त्या एकट्यालाच आठवते. या कल्पनाबंधाला मराठीत स्वतंत्र संज्ञा नाही. तिची फारशी गरजही पडली नसावी, कारण ‘भूत’ या एकाच शब्दात सरलेला काळ आणि पिशाच दोन्ही नांदतात.

‘भूत’ हे ‘भू’ (होणे) या संस्कृत धातूचे भूतकालवाचक धातुसाधित. त्याला पिशाचाचा अर्थ कसा चिकटला, याबद्दल दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार ‘होऊन गेलेला’, म्हणून मृत, म्हणून मृताचा आत्मा. हे मत लोकप्रिय आहे आणि मराठी लोकसमजुतीशी जुळतेही. दुसऱ्या मतानुसार मूळ अर्थ ‘अस्तित्वात असलेला जीव’ असा व्यापक होता (तो ‘भूतदया’ या शब्दात अजून टिकून आहे) आणि पुढे तो अदृश्य, उपद्रवी जीवांपुरता आकसला. छांदोग्य उपनिषदात नारद आपण शिकलेल्या विद्यांत ‘भूतविद्या’ सांगतो. तिचा अर्थ भाष्यकार सारखा लावत नाहीत. अमरकोशात (साधारणतः इ. स. चौथे ते सहावे शतक) मात्र भूत हे यक्ष, गंधर्व, सिद्ध यांच्या पंक्तीत ‘देवयोनी’ म्हणून येते. मेलेल्या माणसाशी तिथे त्याचा संबंध नाही. जुन्या प्रयोगांचा विचार करता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

पुराणांतील रैवत ककुद्मीची कथा या कल्पनाबंधाच्या फार जवळची आहे. मुलगी रेवतीसाठी वर विचारायला तो ब्रह्मलोकी जातो, गायन संपेपर्यंत थांबतो. तेवढ्यात भागवताच्या हिशेबाने सत्तावीस चतुर्युगे उलटतात. मनात योजलेल्या वरांची, त्यांच्या नातवंडा-पतवंडांची गोत्रेसुद्धा आता ऐकू येत नाहीत, असे ब्रह्मदेव सांगतो. मेले ते सगळे. पण भुतासारखा उरतो तो जिवंत रैवत. भागवताचा काळ बहुधा नववे-दहावे शतक. काही अभ्यासक तो बराच आधी नेतात. विष्णुपुराणातही ही कथा आहे.

यंत्राने होणारा कालप्रवास एच. जी. वेल्स यांच्या १८९५ च्या कादंबरीने रूढ केला. तिच्या शेवटी निवेदकाला यंत्रावर बसलेली आकृती क्षणभर आरपार दिसते आणि नाहीशी होते.

मराठीत या संदर्भात जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा पाहावी लागते. काटेकोर अर्थाने ती समांतर इतिहासाची कथा आहे, कालप्रवासाची नव्हे. पण भूत व स्मृती यांचा पेच तिच्यात नेमका येतो. १७६१ च्या पानिपतावर विश्वासराव वाचले, अशा जगातल्या मुंबईत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत उतरतात. मुलाच्या कचेरीत चौकशी करतात, तर त्या नावाचे कोणीच नाही. मग टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात ते इतिहास कुठे वळला ते शोधतात. तिथे वाचलेली पानिपतची बखर आझाद मैदानावरच्या गर्दीत हरवते, खिशात उरते तिचे एक फाटके पान. विश्वासरावांच्या कानाजवळून गोळी निसटल्याचे त्यावर छापलेले असते. गंगाधरपंतांची आठवण भ्रम म्हणून बाजूला सारता आली असती. या पानामुळे त्यांना उलगडा करून सांगणाऱ्या मित्राला पुंजभौतिकीचा (क्वांटम भौतिकीचा) आधार घ्यावा लागतो.

प्रत्यक्ष मुंबईतही दोन काळ शेजारी नांदले. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई टाइम’ शहरात १९५५ पर्यंत रेंगाळली. कालप्रवासकथेला याहून सोयीचे गाव शोधावे लागणार नाही.

लोककथांपैकी कोकणातून गिरगाव-लालबागच्या चाळींत आलेल्या चकव्याच्या गोष्टी इथे नोंदवण्याजोग्या आहेत. चकवा लागलेला माणूस रात्रभर चालतो आणि उजाडता निघाल्या जागीच सापडतो. मधली रात्र त्याला धड आठवत नाही. या गोष्टी बहुतांशी तोंडी आहेत.