माउंटन बाइक मॅरेथॉन (खानदेशातील वनवाटा)

डांबरी रस्ता सोडून जंगलातल्या पायवाटा, गाडवाटा आणि वनखात्याचे कच्चे रस्ते यांवरून कित्येक तास चालणारी सायकल शर्यत. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघाच्या (यूसीआय) नियमांनुसार मॅरेथॉन प्रकारचे अंतर ६० ते १६० किमी. असते. या प्रकारातील पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००३ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे झाली. ऑलिंपिकमध्ये १९९६ पासून असलेली क्रॉस-कंट्री शर्यत याहून बरीच आखूड असते. तिच्यात वेग महत्त्वाचा. इथे शेवटच्या दोन तासांसाठी काय राखून ठेवले, याला महत्त्व.

खानदेशात अशा सायकलिंगला योग्य भूभाग दोन : उत्तरेचा सातपुडा (पाल, यावल, चोपडा, धडगाव, तोरणमाळ) आणि दक्षिणेच्या अजिंठा डोंगररांगेचा चाळीसगाव-पाटणादेवीकडील भाग. तापीकाठ समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मी., तर तोरणमाळ सुमारे १,१५० मी. उंचीवर, त्यामुळे चढ लांबलचक मिळतात. जमीन बेसाल्टची. उतारांवर मुरूम आणि सुटे गोटे, पायथ्याशी काळी कसदार माती. ही माती पावसात चाकाला थरावर थर चिकटते, फ्रेम आणि टायरमधली फट भरते आणि चाक फिरायचेच थांबते. तेव्हा सायकल खांद्यावर घेऊन चालण्याखेरीज उपाय नसतो. मे महिन्यात पारा ४५ अंश से.च्या घरात जातो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध हाच खरा हंगाम. हिवाळ्याच्या अखेरीस सागाची पानगळ होते; ताटाएवढ्या वाळक्या पानांखाली दगड दिसत नाहीत आणि वळणावर ब्रेक दाबला की पुढचे चाक सटकते. ब्रेक वळणाआधी दाबून वळणात सोडावा.

इथला मोठा शत्रू मात्र काटा. बाभूळ, बोर आणि वाटेवर पसरलेले सराटे यांपुढे ट्यूब घातलेले चाक तग धरत नाही. ट्यूबलेस टायर घ्यावा, रुंदी २.२ ते २.४ इंच, बाजूची भिंत जाड. २९ इंची चाकात प्रत्येकी १०० ते १२० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) भरावे. उन्हामुळे ते लवकर सुकते, म्हणून शर्यतीच्या आठवड्यात टायर हलवून आतला द्रव खळखळतो का ते पाहावे. ७० किलो वजनाच्या स्वाराला पुढे २० आणि मागे २३ पीएसआय हवा पुरते. जास्त भरली तर सुट्या गोट्यांवर चाक उसळते, कमी भरली तर धारदार दगडावर रिम आपटते. हवा जात नसेल तर रुतलेला काटा उपटू नये. जात असेल तर काटा काढून भोक खाली येईल असे चाक धरावे, म्हणजे सीलंट तिथे साचते. तरीही भागले नाही तर ट्यूब घालावी लागते, आणि इथेच बहुतेकांचा घात होतो : टायरच्या आतून आरपार आलेल्या जुन्या काट्यांची टोके चाचपून काढली नाहीत, तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते. चाचपताना हातमोजा घालावा किंवा कापड वापरावे.

सायकलच्या बाकी भागांचे थोडक्यात : पुढे १०० ते १२० मिमी. सस्पेन्शन, एकच पुढचे चक्र (३० किंवा ३२ दाती), मागे ५० किंवा ५१ दात्यांपर्यंतचे गिअर. साखळीला धुळीत मेणाचे वंगण चांगले. ओल्या तेलावर माती बसून त्याची कानस होते. सोबत साखळीतोड, क्विक लिंक (तुटलेली साखळी जोडायची कडी), आपल्याच फ्रेमला बसणारा डिरेलर हँगर (गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा), दोन ट्यूब आणि पंप. यूसीआयच्या नियमांत बाहेरची तांत्रिक मदत ठरलेल्या थांब्यांवरच घेता येते.

पहिला तास बोलता येईल इतक्याच दमाने चालवावे. सुट्या मुरमाच्या उभ्या चढावर सीटच्या पुढच्या टोकावर सरकून बसावे. उभे राहिल्यास मागचे चाक जागीच फिरते. वेग चालण्याइतका उतरला तर उतरून चालावे, त्यात कमीपणा नाही. उतारावर दोन्ही पेडल समपातळीत, टाचा खाली, एकच बोट ब्रेकवर.

तासाला ६० ग्रॅम कर्बोदके आणि ५०० ते ७५० मिली पाणी हा सर्वसाधारण हिशेब. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके असतात आणि रावेर-यावलकडे केळ्यांना तोटा नाही. शेंगदाणा-गुळाचा लाडू मात्र स्निग्धांशामुळे पोटात जड पडतो, तो सुरुवातीलाच खावा. घाम फार जात असताना नुसते पाणी पीत राहिल्याने रक्तातील सोडियम उतरते. डोके दुखते, मळमळते, भान हरपू लागते. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळावी. लिटरची पुडी अर्ध्या बाटलीत ओतली तर उलटी होण्याची भीती.

यावल, अनेर धरण आणि गौताळा-औट्रमघाट ही अभयारण्ये असून १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांत परवान्याशिवाय प्रवेश नाही. मार्ग त्यांच्या बाहेरून आखून वनविभागाची लेखी परवानगी घ्यावी लागते. होळीआधीच्या आठवड्यात सातपुड्यातल्या गावोगावी भोंगऱ्या बाजार भरतात, वाटा माणसांनी फुलतात. त्या दिवसांत शर्यत ठेवू नये. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली पहाटेपासून फुले वेचणाऱ्या बायका-पोरे वाकलेली असतात. सरावाला गेलेल्या स्वाराने तिथे घंटी वाजवून वेग उतरवावा.